रानाच्या फाटकावरचा खोकला

उंधियूत पळी घालायची नसते. घातली की मेथीच्या मुठिया मोडतात, रताळ्याचा लगदा होतो आणि सुरतेच्या माणसासमोर ते ताट ठेवायची सोय राहत नाही. पातेलं फडक्यात दोन्ही कडांना धरून उचलायचं आणि आतल्या आत एक हेलकावा द्यायचा. सरलाबाई तसा हेलकावा देत होती, तेवढ्यात दिवाणखान्यातल्या टीव्हीत कुणीतरी खोकलं. पहिले दोन ठोके कोरडे आणि लागोपाठ, मग जरा थांबून तिसरा, ओला, खोल छातीतून आलेला. पातेलं तिच्या हातातच राहिलं. फडक्यातून चटका बसायला लागला तरी ते खाली ठेवायचं तिला सुचेना. हा खोकला ती तीन वर्षं रोज सकाळी ऐकत होती. ती दूध तापायला ठेवायची आणि न्हाणीघरातून हे तीन ठोके यायचे. घड्याळ पाहायची गरज पडत नसे, कारण ठाकोरभाई शेठ उठले म्हणजे सहा वाजले. आणि आत्ता तोच खोकला आफ्रिकेतून येत होता. मागे पाखरं ओरडत होती, गाडीचं इंजिन घुरघुरत होतं, आणि त्यानंतर लगेच शेठाणीचा, जशुबेनचा आवाज आला, टीव्हीतला, रानातला, तिला पाठ असलेला: "येस, येस, शी. माय कूक." दिवाणखान्यात पाहुणे हसले. आणि आता दुसऱ्या जशुबेन, सोफ्यावर बसलेल्या, हसता हसता पाहुण्यांना सांगायला लागल्या, "आ अमारां सरलाबेन! गोरिल्लाना घर लगी गयां, ने बारणेथी पाछां आइवां!"

म्हणजे गोरिलाच्या दारापर्यंत गेली आणि दारातूनच परत आली. हे वाक्य तिनं गेल्या अडीच महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नव्हती. दिवाळीच्या वेकेशनमध्ये सगळं सुरत शहर गावाबाहेर पडतं. त्यातले पैसेवाले यंदा आफ्रिकेत गेले होते, आणि परत आल्यापासून दर रविवारी या दिवाणखान्यात तोच सिनेमा लागत होता. पण आजवर लागत होती ती कापून-जोडून नीट केलेली कॅसेट. तिच्यात सिंह होते, लाल पाखरांचं तळं होतं, शेवटी गोरिला होता, आणि रानाच्या फाटकावरचं काही नव्हतं. ती कॅसेट जशुबेनच्या नणंदेनं नेली म्हणून आज धाकट्या मुलानं मूळची, न कापलेली लावली. एवढंच झालं होतं. आणि एवढ्यानंच सरलाबाई पातेलं धरून उभी राहिली होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, तोंडावरचा रुमाल जरा खाली ओढला आणि श्वास घेतला.

रुमालाचं सांगायलाच हवं. आफ्रिकेहून आल्या आल्या जशुबेननी तिचा छातीचा फोटो काढवला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, काही नाही, स्वच्छ आहे. तरीही दुसऱ्या दिवशी ओट्यामागच्या खिडकीत एक स्टीलचा ग्लास आला. त्याच्या बुडाशी लाल रंगाचा ठिपका होता. हा तुझा. आणि एक पांढरा, धुतलेला, इस्त्री केलेला रुमाल. "सरलाबेन, मों पर बांधजो," रांधताना, पोळ्या लाटताना, वाढताना तोंडावर बांधायचा. जशुबेन हे रागानं बोलल्या नव्हत्या, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट होती. प्रेमानं बोलल्या होत्या. तुझ्याच भल्याचं सांगते असा चेहरा करून. ज्या बाईनं स्वतः बोट दाखवून खोटं सांगितलं होतं, त्याच बाईचा दोन आठवड्यांत स्वतःच्या खोट्यावर विश्वास बसला होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही जगाची रीत सरलाबाईला नवी नव्हती. पण झाकलेलं आपलं होतं हेच विसरून जायचं, याला काय म्हणावं? आणि त्याहून वाईट हे, की रोज त्या ठिपक्याच्या ग्लासातून पाणी पिता पिता तिला स्वतःलाही वाटू लागलं होतं, की असेल बाई, त्या दिवशी थंडी होती, धुकं होतं, आपल्यालाही ठसका लागला असेल. सतरा जण सांगतात म्हटल्यावर बोकडाचंही कुत्रं होतं. रात्री अंथरुणावर ती घशात बोट लावून बघायची, काही खवखवतं का. आज मात्र तिनं आपल्या कानांनी ऐकलं. ठोके तीन, आणि तिन्ही शेठचे.

ती आफ्रिकेत गेली होती ती स्वयंपाक करायला. या लोकांची ती पद्धतच आहे. काशी असो, काश्मीर असो नाहीतर केनिया असो, सुरतेची मंडळी परमुलखात निघाली की बरोबर पिठाचे डबे निघतात, तेल निघतं, लोणचं निघतं आणि रांधणारं माणूस निघतं. प्रवासातला नेहमीचा महाराज आयत्या वेळी लग्नाच्या हंगामाची सुपारी घेऊन बसला. मग जशुबेन म्हणाल्या, सरलाबेनला घेऊ, तिच्या हातची खिचडी-कढी शेठना मानवते. पांडेसऱ्याच्या गल्लीत बातमी पसरली तेव्हा लोक तिच्या दारात येऊन बसले. विमानात बसणारी ती त्या गल्लीतली पहिली. शेजारची सुंदरा म्हणाली, "काय व माय, तुन्ह नशीब! सिंव्ह देखशी, हत्ती देखशी!" नात चंचल, आठ वर्षांची, गुजराती शाळेत जाणारी, आजीशी गुजरातीतच बोलणारी, तिनं पुस्तकातलं चित्र आणून दाखवलं. काळा, केसाळ, माणसासारखा बसलेला. "आजी, आ जोजे हं. पछी मने केजे, केवडो मोटो होय." आजी, हा बघ हं, मग मला सांग किती मोठा असतो ते. आणि सरलाबाईनं शब्द दिला होता. बाकी काही पाहिलं नाही तरी हा पाहीन आणि तुला सांगेन.

अकरा दिवस, दोन देश, पाच रानं. आणि त्या अकरा दिवसांत तिनं काय पाहिलं? पाठीमागची दारं पाहिली. पहाटे चारला उठून थेपले, सुक्या बटाट्याची भाजी, सुखडी करायची, डबे भरायचे. उजाडता उजाडता छत उघडणाऱ्या गाडीत बसून मंडळी जनावरं पाहायला जायची. गाडी दिसेनाशी झाली की ही भांडी घासायला. मंडळी परत आली की धूळ झटकत सांगायची, सिंहीण अशी बसली होती, जिराफानं अशी मान वाकवली, आणि सांगता सांगता ताटाकडे बघून म्हणायची, आज कढी पातळ झाली. लाल पाखरांच्या तळ्यापाशी मुक्काम होता तिथं मात्र तिनं वानरं पाहिली. कुत्र्याच्या तोंडाची, दांडगी. मळलेल्या कणकेचा गोळाच एकानं उचलला आणि तिच्यासमोर भिंतीवर बसून निवांत खाल्ला. तिला राग आला नाही. तेही तिच्यासारखंच स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आलं होतं. पुढच्या रानात झाडांवर चिंपांझी होते म्हणे. ते तिनं ऐकले फक्त. सकाळी पीठ मळताना लांबून एकदम कल्लोळ उठला, गल्लीत भांडण पेटल्यासारखा, आणि तितक्याच एकाएकी शांत झाला. तिचे हात पिठात होते. तिथल्या स्वयंपाकिणीनं हसून छातीवर मूठ मारून दाखवली आणि हिनंही पिठाच्या हातानं छातीवर मूठ मारली. दोघी हसल्या. अकरा दिवसांतलं तेवढंच एक हसू होतं, जे कुणाला वाढायचं नव्हतं.

आणि मग गोरिलाचं रान. तिथं दिवसाला मोजकीच माणसं आत सोडतात, सहाच. परवाने सहा महिने आधी काढून ठेवले होते. त्यातला एक कंपालात राहणाऱ्या जशुबेनच्या मामांचा होता, आणि मामांचा गुडघा आदल्या रात्री सुजला. परवाना वाया जाणार म्हटल्यावर जशुबेन म्हणाल्या, "सरलाबेन आवशे. नास्तो ऊंचकशे." नाश्ता उचलायला. का असेना! सरलाबाईनं रात्रीतून लुगडं धुतलं, पदर नीट खोचला, नव्या कॅनव्हासच्या बुटात सकाळी पाय घातले तेव्हा तिला लहानपणी जत्रेला निघाल्यासारखं वाटलं. फाटकापाशी धुकं होतं. हिरव्या कपड्यांतला एक उंच रखवालदार सगळ्यांना ओळीनं उभं करून नियम सांगत होता. गाडीचा ड्रायव्हर लहानपणी कुणा गुजराती दुकानात वाढलेला होता, त्याला मोडकं गुजराती येत होतं, त्यानं तिला वेगळं समजावून सांगितलं. पंधरा हात लांब उभं राहायचं. तासाभराच्या वर थांबायचं नाही. शिंक आली तर तोंड फिरवायचं. आणि सर्दी-खोकला असेल त्यानं मुळीच आत जायचं नाही, कारण त्या जनावराची छाती आपल्यासारखीच असते आणि आपला रोग त्याला सोसत नाही. माणसाला चार दिवस होतं, त्यात त्यांचा कळपच्या कळप मरतो.

ते ऐकताना सरलाबाईचं मन भरून आलं होतं, हे तिला आता ओट्यापाशी उभं राहून आठवलं. तिला त्या रखवालदाराचा आदर वाटला होता. आणि त्याच क्षणी पोटातून संतापही आला होता. कारण वर्षापूर्वीच, गणपती विसर्जन झाल्या झाल्या, सुरतेत प्लेग, छातीचा तो रोग, आला होता. तेव्हा तिच्या गल्लीच्या फाटकावर कोण उभं होतं? कुणी सांगितलं, पंधरा हात लांब उभे राहा? नाक्यावरच्या डॉक्टरनं पहिल्याच संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावलं आणि गाडीत बायकापोरं घालून गेला. औषधाच्या दुकानात कॅप्सुली संपल्या. ज्याला मिळाल्या त्यानं त्या मंगळसूत्रासारख्या जपल्या. कचरा तिथंच, गटार तिथंच, एका खोलीत आठ माणसं तिथंच. एका रानातल्या मुक्या जनावरासाठी एवढी काळजी, परवाने, नियम, बंदूकधारी माणूस. बरोबरच आहे. असायलाच हवी. पण मग माणसाची का नाही? माणसाच्या छातीची किंमत इतकी कमी कुणी ठरवली? तिला हे सगळं तिथं असं शब्दांत सुचलं नव्हतं.

आणि तेव्हाच ठाकोरभाई खोकले. दोन कोरडे, एक ओला. रखवालदारानं बोलणं थांबवलं आणि तो ओळीकडे वळला. खोकला कुठून आला ते त्याला नीट कळलं नव्हतं. सरलाबाई शेठच्या शेजारीच उभी होती. तिनं केलं ते सुरतेच्या कुठल्याही बाईनं केलं असतं. त्या वर्षीपासून तिच्या कमरेच्या बटव्यात कॅप्सुलींची एक पट्टी कायम असायची. रोगाच्या दिवसांत कुणी खोकलं की माणसं आधी खिशातून पट्टी काढून दाखवत. घेतलीय बाबा, औषध चालू आहे, घाबरू नका. पट्टी म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला. ती पाहिली की लोक पुन्हा जवळ बसायला देत. त्याच सवयीनं तिनं घाईघाईनं पट्टी काढली आणि शेठच्या हातात द्यायला पुढं केली. रखवालदारानं पाहिलं ते एवढंच, की या बाईच्या हातात औषध आहे. जिच्या हातात औषध ती आजारी. त्याच्या मुलखात सरळ हिशेब होता. त्यानं तिच्याकडे बोट करून जशुबेनना विचारलं. शेठ जमिनीकडे बघत होते. त्यांनी पुन्हा येऊ बघणारा खोकला तोंड मिटून गिळला, तेव्हा त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झालेली तिला दिसली. जशुबेननी तिच्याकडे पाहिलं, मग शेठकडे, मग पुन्हा तिच्याकडे. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मग तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, येस, येस, शी. माय कूक.

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. पाच जण आत गेले, त्यांतला एक खोकत गेला. नाश्त्याची पिशवी दुसऱ्या कुणीतरी उचलली. सरलाबाई फाटकापाशी लाकडी ओंडक्यावर पाच तास बसून होती. रखवालदारानं तिच्या बाजूला येऊन, दोन्ही हात छातीशी नेऊन, काहीतरी म्हटलं. माफी मागितली असावी. त्याचा काय दोष? तो आपल्या जनावराशी इमानानं वागला होता. त्याच्या खोपटातल्या बाईनं आलं घातलेला काळा चहा तिला आणून दिला, सगळे पितात त्याच मगात, आणि तिनं प्यायल्यावर तो नुसता विसळून स्वतः त्यातच ओतून घेतला. समोरच्या डोंगरावर धुकं चढत उतरत होतं. आत कुठंतरी तो बसलेला असेल, पोराला पोटाशी घेऊन. आणि पंधरा हातांवर शेठ उभे असतील. सरलाबाईला आपण पाहू शकलो नाही याच्यापेक्षा जास्त त्या जनावराचंच वाटलं. त्याला कुणी सांगावं, की बाबा, तुझा रखवालदार फसला?

घरी आल्यावर चंचलनं विचारलं, "केवडो हतो, आजी?" तिनं सांगितलं, नाही पाहिला. का? खोकला होता म्हणून सोडलं नाही. हे तिनं का म्हटलं? नव्हता म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून. तोंडातून गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवशी सुंदरा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. "तुले खोकला व्हता म्हने तिकडे? तसं काही नही ना व?" तसं म्हणजे कसं, ते त्या गल्लीत सांगावं लागत नव्हतं. धुडकूला, सरलाबाईच्या नवऱ्याला, पांडेसऱ्याच्या रंगखात्यात बारा वर्षं काम करून खोकला जडलेला होता. तो त्या रोगानं गेला नव्हता. तो सहा महिन्यांनी, होळीच्या सुमाराला, आपल्या जुन्याच खोकल्यानं गेला. पण गल्ली विसरली नव्हती. सुंदरानं चंचलला आपल्या घरी टीव्ही बघायला बोलवायचं बंद केलं. मुलगा वाल्मिक उधन्याच्या लूमवर जातो, त्याला लोक विचारायला लागले, तुझ्या मायला बरं आहे ना? एका बोटानं केवढं काम केलं होतं! रानातलं बोट पांडेसऱ्याच्या गल्लीपर्यंत येऊन पोचलं होतं.

आता काय करायचं ते सरलाबाईला कळलं होतं. बाहेर जायचं आणि म्हणायचं, "उधरस मारी नोती." खोकला माझा नव्हता. तिनं ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. उधरस मारी नोती. म्हटल्यावर काय होईल? काम जाईल. जाऊ दे. पण जशुबेनच्या या घराबाहेर गेल्यावर पांडेसऱ्यापासून अठवा लाइन्सपर्यंत कुठलं घर खोकल्याच्या बाईला चुलीशी उभी करणार? म्हणून तर आज, आत्ता, कॅसेट चालू आहे तोवर, दहा माणसांसमोर हे व्हायला हवं होतं. पुन्हा ती कापलेली कॅसेट येईल आणि तो खोकला कायमचा नाहीसा होईल. तिनं रुमालाची गाठ सोडली. पाऊल उचललं. आणि ते उंबऱ्यातच थांबलं.

तिला थांबवलं ते भीतीनं नाही. तिला आगगाडीचा डबा आठवला. तो तिला रोजच आठवायचा, पण ती त्याला बाजूला सारायची, गॅसवरचं उतू जाणारं दूध फुंकून खाली बसवावं तसं. आज तो बसला नाही. रोगाच्या तिसऱ्या दिवशी ती आणि धुडकू उधन्याहून भुसावळकडच्या गाडीत कसेबसे चढले होते. माणसांवर माणसं. सगळ्यांच्या तोंडावर रुमाल, टॉवेल, पदर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. धुडकूचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं आणि वर टॉवेल टाकला होता, कारण त्याला खोकला आवरत नव्हता. ती टॉवेलावरून त्याचं तोंड दाबून धरायची. व्यारा स्टेशन यायच्या आधी कुठंतरी तिचा हात सुटला आणि तो खोकला. मग एक जण ओरडला, "कोन खोकलं रे?" सगळी डोकी फिरली. समोर दाराशी एक म्हातारी बसली होती, एकटी, गाठोड्यावर. तिच्या तोंडावर काही बांधलेलं नव्हतं. सरलाबाईनं बोट दाखवलं नव्हतं. एवढं तिला नंतर स्वतःशी म्हणता आलं असतं. तिनं फक्त हनुवटी त्या बाजूला वळवली. तेवढं पुरलं. पुढच्या बारक्या स्टेशनावर चार हातांनी म्हातारीला खाली उतरवलं आणि गाठोडं मागून फेकलं. उतरताना ती कुणालाच शिव्या देत नव्हती. ती फक्त सरलाबाईकडे बघून म्हणाली, "खोकला मना नही शे व माय." माझा नाही गं खोकला. आणि सरलाबाईनं टॉवेल धुडकूच्या तोंडावर आणखी घट्ट दाबला. गाडी हलली. धुडकूनं टॉवेलाखालून सगळं ऐकलं होतं. त्यानंतर जगला तेवढे सहा महिने तो एकटा असला तरी खोकताना तोंडावर टॉवेल धरायचा. एकदा फक्त म्हणाला होता, "ती बाई कोठे गयी व्हई व?" ती पीठ मळत होती.

तिचा संताप उंबऱ्यात उभ्या उभ्या असा दुतोंडी झाला. जशुबेनवरचा राग कमी झाला नाही, मुळीच नाही. कुणी म्हणेल, स्वतःचं आठवल्यावर माणूस दुसऱ्याला माफ करतो. सरलाबाईला तसलं काही वाटलं नाही. उलट तिला त्या बोटाची आता आतून ओळख पटली होती, म्हणून त्याची जास्तच शिसारी आली. आपल्या माणसाला वाचवायला दुसऱ्याला पुढं ढकलायचं! आणि जशुबेनना तर वाचवायचंही काही नव्हतं. शेठ आत गेले नसते तर मेले असते का? फार तर फोटोत आले नसते. एका फोटोसाठी!

ती दिवाणखान्यात गेली. पाहुण्यांच्या हातात हुरड्याच्या, पोंकच्या वाट्या होत्या. पडद्यावर माणसांच्या पाठी चिखलातून वर चढत होत्या. "भाई, थोडुं पाछुं लो ने," ती धाकट्याला म्हणाली. जरा मागं घे. तिच्या तोंडावर रुमाल नाही हे आधी जशुबेनच्या लक्षात आलं. त्या काही म्हणायच्या आत मुलानं सवयीनं बटण दाबलं. माणसं उलटी चालत डोंगरावरून खाली आली, फाटकाबाहेर निघाली, ओळीत उभी राहिली. तिथं ती स्वतः होती. नव्या बुटात, पदर खोचलेली, हसत. हसत होती आपण! तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. मग दोन कोरडे ठोके, एक ओला. पडद्यावरच्या सरलाबाईचं तोंड मिटलेलं होतं, मिटल्या तोंडानं ती हसतच होती. मग तिची मान शेजारी वळली, हात कमरेच्या बटव्याकडे गेला.

"बस," सरलाबाई म्हणाली. मुलानं चित्र थांबवलं. आता ते वाक्य म्हणायचं होतं, दोनदा म्हणून पाहिलेलं, गुजरातीतलं. तिनं तोंड उघडलं आणि तिच्याच कानांवर आलं ते वेगळं. "खोकला मना नही शे व माय." तिच्या घरची बोली. या घरात ती तीन वर्षांत एकदाही बोलली नव्हती. पाहुण्यांना ती कळली असेल-नसेल. पण चित्र समोर थांबलेलं होतं, आणि सगळे आता ठाकोरभाईंकडे बघत होते. शेठनी वाटी खाली ठेवली. म्हातारा तसा वाईट नव्हता. "ए तो मारी उधरस छे," ते हळूच म्हणाले. तो तर माझाच खोकला. आणि बोलण्याच्या नादात खरंच खोकले.

कुणी हसलं नाही. जशुबेनच्या चेहऱ्यावर आधी रंग चढला, मग उतरला, मग त्यांना एक खुंटी सापडली आणि त्यांनी ती घट्ट धरली. "तो ते वखते केम नी बोइलां?" त्या कडाडल्या. मग त्या वेळी का नाही बोललात? "तमारे मों नोतुं?" तोंड नव्हतं तुम्हाला?

याला सरलाबाईकडे उत्तरं होती. अडीच महिने तिनं ती जमवली होती. तुमची भाषा मला येत होती, त्या रखवालदाराची येत नव्हती. तुमचं मीठ खाल्लं होतं. तिकीट तुमच्या हातात होतं. बोलले असते तर त्या मुलखातून मला परत कुणी आणलं असतं? एकेक उत्तर खरं होतं, आणि एकेक जशुबेनच्या तोंडावर मारण्यासारखं होतं. पण प्रश्न जशुबेनपाशी थांबलाच नाही. तो त्यांच्यामागून, सोफ्यामागून, त्या थांबलेल्या फाटकामागून आला आणि एका बारक्या स्टेशनाच्या फलाटावर गाठोडं उचलायला वाकलेल्या बाईच्या तोंडून तिनं तो पुन्हा ऐकला. त्या वेळी का नाही बोललीस? त्या बाईलाही साक्षीदार होता. समोरच बसला होता, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. त्या बाईसाठी कुठली कॅसेट निघणार नव्हती. मागं घ्या म्हणायला कुणी येणार नव्हतं.

"बोलायला पाहिजे होतं," सरलाबाई म्हणाली. जशुबेनना वाटलं, ती नमली. त्यांचा आवाज लगेच मऊ झाला. जाऊ दे आता, झालं ते झालं, ये, बस इथं खाली, आज तूही तुझा गोरिल्ला बघून घे, असं त्या गुजरातीत म्हणाल्या. मुलानं बटण दाबलं. धुकं, चिखल, पानं, आणि मग पानांमधून तो. काळा, मोठा, चंचलच्या पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी मोठा. पोर पोटाशी नव्हतं, एकटाच होता. कॅमेऱ्यामागं कुठंतरी दोन कोरडे ठोके आले आणि त्यानं खाता खाता मान वर केली. आवाजाच्या दिशेनं शांतपणे बघितलं. राग नाही, शिवी नाही. सरलाबाई बसली नाही. तिनं उभ्यानंच ती नजर पुरती झेलली, मग इस्त्रीचा रुमाल चौघडी करून जशुबेनच्या मांडीवर ठेवला.

उंधियू झाला होता. तो तिनं दहाही ताटांत वाढला, मुठिया न मोडता. मग ओट्यामागचा लाल ठिपक्याचा ग्लास घासून पालथा घातला, शेठच्या रोजच्या पेल्यात पाणी घेतलं आणि दिवाणखान्याच्या दारात उभी राहून सगळ्यांसमोर प्यायली. पेला तिथंच टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या. पांडेसऱ्याला जाणारी बस समोरूनच मिळायची. ती बस जाऊ देऊन ती चालत उधना स्टेशनाकडे वळली. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, कुठलं? म्हातारीला उतरवलं त्या स्टेशनाचं नाव तिला माहीत नव्हतं. व्याऱ्याच्या आधीचं, बारकं, एवढंच माहीत होतं. "त्या बाजूची सगळी," ती म्हणाली, "एकेक सांगा."